एक तास पोरींचा

आज आपण मैदानाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचा आन् मैदानाचा काय संबंध? ऐका तर.

गेल्या हंगामात आमच्या टोळ्या कोल्हापूरकडं होत्या. एक दिवस तोड बंद राहिली, म्हणून आम्ही आठ-दहा जणी अंबाबाईच्या दर्शनाला गेलो. परतताना एकाएकी हजारो माणसांचा ओरडा ऐकू आला. आम्ही दचकलो. वाटलं, काहीतरी अघटित झालं. भेळवाला हसून म्हणाला, "मावशी, गोल झाला!"

ते होतं राजर्षी शाहू स्टेडियम. कुस्तीचं गाव म्हणून आपण कोल्हापूर ओळखतो, पण तिथल्या तालमींनीच फुटबॉलही उचलून धरला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ असे पेठापेठांचे संघ तिथं भिडतात. सामना असला की पेठच्या पेठ तिकडं लोटते. कधी समर्थकांत हाणामारीही होते, ती काही आपल्याला नको. पण प्रत्येक गल्लीला ते मैदान आपलं वाटतं, हे घेण्यासारखं आहे. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

आमच्यासोबत अकरा वर्षांची एक लेक होती, कडेवर धाकटा भाऊ. तिनं विचारलं, "आई, इथं पोरी खेळत्यात का?" आईला उत्तर देता आलं नाही.

उत्तर आम्ही घरी आल्यावर शोधलं. खेळतात, बाई! 30 ऑक्टोबर 2022 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला 1-0 ने हरवलं. आपल्याच राज्यात हे झालं आणि आपल्या पोरींच्या कानावरही आलं नाही.

पूर्ण मैदानाला साधारण सत्तर गुंठे जागा लागते. आपल्याला एवढी कशाला? पाच-पाच पोरींना शाळेपुढची मोकळी जागा आणि एक चेंडू पुरतो. अडचण जागेची नाही. संध्याकाळी तिथं पोरं असतात आणि पोरी चुलीपुढं.

म्हणून आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्यात. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं ठराव मांडायचा: रोज संध्याकाळी एक तास मैदान पोरींचं. आणि दुसरं, टोळी निघायच्या आधी शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहात लेकरांची नावं घालायची. पोर फडात गेली, तर तो तास कुणासाठी मागायचा?

त्या लेकीचं नाव आम्ही सगळ्यात आधी घालणार आहोत. धाकट्याचंही काय करायचं ते बसून ठरवू, पण तिची कड मोकळी करू. तुमच्या गावात कुणाची कड भरलेली आहे, ते बघा. पुन्हा भेटू. राम राम!