मुद्दल हलले पाहिजे



ओव्हरड्राफ्टबद्दल तक्रार करताना आपण बहुतेक वेळा व्याजदराला दोष देतो. दर चढा असतो, यात शंका नाही. पण ओव्हरड्राफ्ट माणसाला वर्षानुवर्षे अडकवून ठेवतो तो मुख्यतः दरामुळे नव्हे, तर त्यात मुद्दल फेडण्याची सक्तीच नसते म्हणून. घरकर्जाच्या किंवा वाहनकर्जाच्या प्रत्येक हप्त्यात मुद्दलाचा काही भाग असतो, त्यामुळे कर्जदार फारसा विचार न करताही एक दिवस मोकळा होतो. ओव्हरड्राफ्टला असा शेवटचा दिवस नाही. मंजूर मर्यादेपर्यंत पैसे उचलावेत, व्याज भरत राहावे आणि वर्षाअखेर नूतनीकरण करून घ्यावे, एवढेच तिथे अपेक्षित असते. म्हणून माझे म्हणणे असे, की यातून बाहेर पडायचे तर मुद्दल उतरवण्याची शिस्त खातेदाराने स्वतः आणली पाहिजे. ती बँक आणून देणार नाही.

हिशेब करून पाहू. दोन लाखांची मर्यादा आहे, ती पूर्ण वापरली आहे आणि दर साल १५ टक्के आहे असे समजा. महिन्याचे व्याज झाले सुमारे अडीच हजार रुपये. पाच वर्षे हे व्याज चोख भरले तरी दीड लाख रुपये जातात आणि देणे दोन लाखांचे दोन लाखच राहते. आता हीच रक्कम त्याच दराने तीन वर्षांच्या मुदत कर्जात बदलली, तर हप्ता सुमारे ६,९३५ रुपये येतो आणि तीन वर्षांत एकूण व्याज पन्नास हजारांच्या आत राहते. दोन्हीकडे दर एकच आहे. फरक पडला तो फक्त मुद्दल दर महिन्याला उतरल्यामुळे.

हे आपल्या लवकर लक्षात का येत नाही, याचे एक कारण बँकिंगच्या नियमांतच आहे. खात्यातील बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली, ९० दिवसांत काहीच भरणा झाला नाही, किंवा झालेल्या भरण्यातून आकारलेले व्याजही निघाले नाही, तर ओव्हरड्राफ्ट खाते थकीत होण्याकडे जाते. याचा अर्थ असा, की व्याजापुरता भरणा होत राहिला तर खाते बँकेच्या दृष्टीने सुदृढच असते. त्यामुळे व्यवस्थापकाचा फोन येत नाही, नोटीस येत नाही. उताऱ्यावर एका बाजूला पगार जमा झालेला दिसतो, दुसऱ्या बाजूला तो आठवड्यात उचललेला दिसतो, आणि महिनाअखेरची बाकी पुन्हा मर्यादेला टेकलेली असते. बारा महिन्यांचे उतारे समोर ठेवून प्रत्येक महिन्यातील सर्वांत कमी देणे तेवढे लिहून काढा. तो आकडा उतरत नसेल, तर ती तात्पुरती उचल राहिलेली नाही. ते कायमचे कर्ज झाले आहे.

व्यापारी श्रोते इथे म्हणतील, ‘धंद्याला खेळते भांडवल लागतेच.’ आक्षेप रास्त आहे. दिवाळीपूर्वी माल भरायचा आणि विक्री झाली की खाते खाली आणायचे, यासाठीच ही सोय आहे. ज्या खात्याची बाकी हंगामानुसार वरखाली होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विक्री होऊनही जो भाग वर्षभर हलत नाही, त्याने माल घेतलेला नसतो. त्याने जुना तोटा किंवा घरखर्च झाकलेला असतो. तेवढा भाग वेगळा काढून मुदत कर्जात बदलून मागावा आणि उरलेली मर्यादा धंद्यासाठी ठेवावी. नोकरदाराने दर महिन्याला किंवा तिमाहीला मर्यादा ठरावीक रकमेने घटवण्याचा लेखी अर्ज द्यावा. नुसते पैसे भरून मर्यादा तशीच ठेवली, तर भरलेले पुन्हा उचलले जातात.

एका घरात एकाच वेळी दीड लाखाची मुदत ठेव आणि तेवढाच ओव्हरड्राफ्ट असणे मुळीच दुर्मीळ नाही. ठेवीवर साडेसहा टक्के मिळाले तर वर्षाला ९,७५० रुपये येतात. १५ टक्क्यांच्या उचलीवर २२,५०० जातात. ठेव ही अडीनडीची असते, ती मोडू नये, असे वडीलधारी सांगतात. त्यांची काळजी खरी आहे, पण तिलाही उत्तर आहे. ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल घ्यावी. तिचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. त्यातून महागडा ओव्हरड्राफ्ट फेडावा आणि वाचलेले व्याज नव्या उचलीचे मुद्दल उतरवायला वापरावे. शिवाय ओव्हरड्राफ्टवर व्याज रोजच्या बाकीवर मोजतात. म्हणून बचत खात्यात पडून राहणारी रक्कम लगेच तिकडे वळवली तर जेवढे दिवस आधी वळवाल तेवढ्या दिवसांचे व्याज वाचते.

आता खात्यावरच्या शुल्कांकडे वळू. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले, तर आपली बँक हप्ता परत गेल्याचे शुल्क घेते, कर्ज देणारी संस्थाही वेगळे घेते, आणि दोन्हींवर अनेकदा १८ टक्के जीएसटीही लावला जातो. दोघांनी प्रत्येकी पाचशे रुपये आणि वर जीएसटी घेतला, तर एका चुकीचे १,१८० रुपये होतात. पगाराची तारीख सात आणि हप्त्याची पाच असेल, तर हप्त्याची तारीख बदलून मागणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. किमान शिलकीचा दंड त्याहून मोठा विषय आहे. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या कारणासाठी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केल्याची माहिती २०२४ मध्ये संसदेत देण्यात आली. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्ये, तर बँक ऑफ बडोदा, पंजाब नॅशनल आणि कॅनरा यांसारख्या बँकांनी २०२५ मध्ये बंद केला. तो बंद करूनही बँका चालल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

‘खाते सांभाळायला बँकेला खर्च येतो, आणि ग्राहकाने अटींवर सही केलेली असते,’ असे यावर म्हटले जाते. खर्च येतो, हे मान्य. पण तो भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने केलेल्या अभ्यासात २०१६ मध्ये विनामंजुरी ओव्हरड्राफ्टच्या शुल्कापैकी निम्म्याहून अधिक रक्कम अवघ्या दीड टक्का ग्राहकांकडून आल्याचे दिसले. एप्रिल २०२० पासून तिथे ओव्हरड्राफ्टवरची ठोक शुल्के बंद झाली आणि वार्षिक व्याजाचा एकच दर सांगणे बंधनकारक झाले. दर चढेच राहिले, पण निदान ते ग्राहकाला स्पष्ट दिसू लागले. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही नोव्हेंबर २०१४ मध्ये बचत खात्यांपुरते सांगितले, की किमान शिलकीचा दंड तुटीच्या प्रमाणात असावा, आधी कळवून महिनाभराची मुदत द्यावी, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे शिलकीत जाऊ नये. सही केली म्हणून हे संरक्षण संपत नाही. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खातेही २०१२ पासून मागता येते.

म्हणून माझी विनंती आहे. या आठवड्यात वर्षभराचा उतारा मागवा. व्याज, शुल्क आणि जीएसटी यांची वेगवेगळी बेरीज करा. जे शुल्क समजत नाही त्याचा आधार लेखी विचारा. नूतनीकरणाच्या अर्जावर जुनीच मर्यादा भरू नका; ती किती घटवायची हे घरात बसून ठरवा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेकडे अर्ज करणे म्हणजे हात पसरणे नव्हे. तो आपल्याच पैशाचा हिशेब आहे, आणि तो मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.