ताटावर बसताना भीती नको



 आपलं, आहारतज्ज्ञांचं, हे अधिवेशन नवी मुंबईत, वाशीत भरतंय याचा मला विशेष आनंद वाटतो. इथून रिक्षाने थोड्याच अंतरावर एपीएमसी मार्केट आहे. मुंबई महानगराच्या ताटात पडणारा कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य, मसाला यांतला मोठा हिस्सा आधी तिथे उतरतो. आणि त्याच शहरात आपल्यासमोरच्या खुर्चीत रोज अशी माणसं येऊन बसतात, ज्यांना जेवायची भीती वाटते. मला आज या भीतीविषयी बोलायचं आहे. आपल्या सल्ल्याने रुग्णाची साखर उतरली पण ताटावर बसताना त्याचा जीव घाबरा होऊ लागला, तर आपलं काम अर्धंही झालेलं नाही. आणि ती भीती तशीच राहिली, तर उतरलेली साखरही फार दिवस खाली राहत नाही.

आजाराचं गांभीर्य मी कमी लेखत नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तेव्हा भारतात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचा आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी माणसं त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज समोर आला. पथ्य सांगावंच लागेल. प्रश्न आहे तो पथ्य कसं सांगायचं, याचा.

ते ठरवताना नवी मुंबईची जमीन कुणाची होती, हे आपण आहारतज्ज्ञांनी विसरता कामा नये. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर-पनवेल पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासेमारी आटली. दिवाळे, करावे, घणसोली, कोपरखैरणे या गावांतल्या आगरी-कोळी माणसाचं अंगमेहनतीचं काम एका पिढीत संपलं. ताट मात्र तेच राहिलं, आणि ते राहणारच. तांदळाची भाकरी, भात, कालवण, सुकट, जवळा, बोंबील. आता या घरातली पन्नाशीची बाई वाढलेली साखर घेऊन आपल्याकडे येते आणि आपण तिच्या हातात ओट्स, ब्राऊन ब्रेड, किनोआ लिहिलेला कागद देतो. तो कागद ती फ्रिजवर लावते. चार दिवस पाळते. पाचव्या दिवशी घरात हळदीचं जेवण असतं, ती भात खाते, आणि पुढच्या भेटीला येतच नाही. तिला वाटतं, मॅडम रागावतील. आपल्या दवाखान्यात न परतणाऱ्या रुग्णांची संख्या आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा मोजावी, असं मला फार वाटतं.

तिच्या ताटात आधीपासून काय आहे ते पाहू. जवळा आणि सुकट ही सालासकट खायची मासळी. तिच्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. रक्तदाब असेल तर सुकी मासळी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायला सांगावं, कारण त्यात मीठ मुबलक असतं. खाडीची कोलंबी, चिंबोरी, कालवं आहेत. पावसाळ्यात पनवेल-बेलापूरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली घेऊन बसतात. हे सगळं हाताशी असूनही तिच्या ताटात कमी पडते ती भाजी, आणि जास्त होतो तो भात. दोनदा वाढून घेतला जाणारा भात एकदाच घ्यायचा, त्या जागी टाकळ्याची भाजी आणि मुठीएवढं सुकट वाढवायचं, भाकरीच्या पिठात नाचणी मिसळून चालतेय का ते तिलाच करून बघायला सांगायचं. हा सल्ला ती पाळू शकते, कारण त्यात तिचं घर आहे. भात बंद म्हटलं की तिच्या दृष्टीने जेवणच बंद होतं.

एपीएमसी बाजाराच्या आवारातले माथाडी कामगार हा आपल्या रुग्णांतला दुसरा मोठा वर्ग. त्यांतले पुष्कळ जण सातारा-सांगलीकडून आलेले. १९६९ च्या माथाडी कायद्याने आणि अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने त्यांना कामाचं संरक्षण मिळालं. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला तीन-चार बाजरीच्या भाकरी, पिठलं, ठेचा लागतोच; ती त्याची गरज आहे. गुडघे गेले, काम सुटलं, तरी हात त्याच भाकरीकडे जातो, आणि मग मुलं-सुना त्याच्या ताटावर नजर ठेवू लागतात. साठ वर्षांच्या माणसाला भाकरीवरून घरात बोलणी खावी लागणं हे मला अपमानाचं वाटतं. अशा वेळी आपण आधी घरच्यांशी बोलायला हवं. कष्ट करणाऱ्या शरीराची भूक चुकीची नव्हती, आता गरज बदलली आहे, एवढं त्याला सन्मानाने कळलं तर तो स्वतःहून एक भाकरी कमी करतो. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

जेवायच्या या भीतीचा शरीराशी काय संबंध आहे, हे समजून घ्यायला १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगाकडे जाऊ. युद्धाला तात्त्विक विरोध असलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. शरीरशास्त्रज्ञ आन्सेल कीज यांनी त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना दिवसाला मिळणारं अन्न सरासरी १६०० कॅलरींच्या आसपास होतं. काही आठवड्यांतच या मुलांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, कुणी ताटावर तासभर रेंगाळत बसले. प्रयोग संपून मोकळीक मिळाल्यावर अनेकांना पोट फुटेस्तोवर खाऊनही तृप्ती येईना. ते पुरुष होते, आठवड्याला २२ मैल चालत होते, त्यामुळे आपल्या रुग्णांशी सरळ तुलना होत नाही, हे मान्य. तरीही १२०० कॅलरीचा चार्ट बिनदिक्कत लिहून देताना ही मुलं मला आठवतात. आपल्याकडे येणारी बाई सोमवारी पोळी-भात बंद करते आणि गुरुवारी रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभी राहून फरसाणाचा डबा संपवते. मग म्हणते, 'माझं मनच कमजोर आहे.' तिचं मन कमजोर नाही. उपाशी ठेवलेलं शरीर जे करतं तेच तिच्या शरीराने केलं, हे तिला सांगणारी पहिली व्यक्ती आपण असायला हवं.

२०१८ च्या सुमारास घराघरांत रंगलेला वाद आपल्याला आठवत असेल: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली दोन वेळा जेवणाची पद्धत सांगितली, ५५ मिनिटांत जेवण संपवायचं आणि मधे काही नाही. ऋजुता दिवेकरांचा भर थोड्या थोड्या अंतराने खाण्यावर, आणि तूप, भात, स्थानिक, ऋतूप्रमाणे येणाऱ्या अन्नावर. या दोघांमुळे मराठी माणूस आहाराविषयी मोकळेपणाने बोलायला लागला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण आपल्या खुर्चीतून मला जे दिसलं ते वेगळं होतं. लोक घड्याळाकडे बघून जेवू लागले. भूक लागली की नाही, पोट भरलं की नाही, हे पाहायची सवयच सुटत चालली. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुलाला यांतली कुठलीच पद्धत जशीच्या तशी बसत नाही. त्याला पहाटे चारला भूक लागते आणि कँटीनमध्ये वडापाव किंवा मॅगी असते. त्याच्यासाठी डब्यात काय न्यायचं आणि सकाळी झोपण्याआधी किती खायचं, हे त्याच्याबरोबर बसूनच ठरवावं लागतं.

आपण वजनाच्या काट्याला फार मान दिला आहे, तोही थोडा उतरवायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्त चरबी याज्ञिकांची होती. बारीक दिसणाऱ्या मुलीला 'तुला काय गरज' म्हणून आपण परत पाठवतो आणि अंगाने भरलेल्या मुलीला न तपासताच कमी खायला सांगतो, तेव्हा दोघींचंही नुकसान होतं. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळाच्या जन्मवेळच्या वाढीचा संबंध आईने किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी दिसला नाही. ती हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाते, याच्याशी दिसला. ही गोष्ट मी प्रत्येक गरोदर मुलीला सांगते. ऐकताना तिच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होतो, कारण इथे काही सोडायचं नसतं, मिळवायचं असतं.

सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईविषयी तर वेगळं भाषण करावं लागेल. आपल्या फॉर्मवर 'काल काय खाल्लं' हा प्रश्न असतो. 'कुणाच्या नंतर जेवलात', 'बसून जेवलात का', 'तुमच्या आवडीची भाजी शेवटची कधी केली' हे प्रश्न नसतात. ते हवेत.

मुलांच्या बाबतीत एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंची मांडणी मला फार उपयोगी पडली. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मोबाइल दाखवून घास कोंबला जातो, आणि तेच मूल तेरा वर्षांचं झालं की त्याच्या जाडीवर नातेवाइकांसमोर बोललं जातं. या वयातली मुलगी जेवण टाळू लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली, पाळी चुकू लागली, तर तो आपल्या एकट्याचा विषय नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांना त्याच आठवड्यात बरोबर घ्यावं.

कमला सोहोनींचं नाव घेऊन मी थांबण्याकडे वळते. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेल्या या मराठी शास्त्रज्ञ बाईंनी पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. लोकांच्या हाताशी आधीच असलेलं पेय त्यांनी प्रयोगशाळेत नेलं, आणि आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना त्याचा काय उपयोग होतो ते तपासलं. आपल्यालाही तसंच काम करता येईल. दुपारच्या सत्रात एक ठराव येतो आहे. नवी मुंबईतल्या आगरी, कोळी, माथाडी आणि रात्रपाळीच्या घरांतले नेहमीचे पदार्थ वाटी-पळीच्या मापात मांडणारी मराठी पुस्तिका आपण सगळ्यांनी मिळून करावी, आणि पहिल्या भेटीचा नवा फॉर्मही तिच्यातच असावा. कोळीवाड्यातल्या आणि माथाडी वसाहतींतल्या बायकांना या कामात सुरुवातीपासून घ्यावं आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्यावं, एवढी दुरुस्ती मी त्या ठरावाला सुचवते आणि माझं मत त्याच्या बाजूने नोंदवते.