बोर्डीचं हायस्कूल आणि आपल्या मुली

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "हायस्कूल लांब, आठवीनंतर पोरीला घरीच ठेवते." तेव्हापासून मला बोर्डी आठवतंय.

आपल्याकडे ना एमआयडीसी होती ना अणुकेंद्र, तेव्हा १९२० साली गोखले एज्युकेशन सोसायटीनं त्या समुद्रकाठच्या गावात हायस्कूल काढलं. नाव एका पारशी बाईचं, सुनाबाई पेस्तनजी हकीमजी. आचार्य भिसे तिथले मुख्याध्यापक. पुढे १९४५ला ताराबाई मोडक बोर्डीत आल्या. पाड्यावरची मुलं येईनात, तर त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. आपली अंगणवाडी तिथलीच!

हायस्कूल काही अंगणात येणार नाही. पण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. अर्जावर शाळेचा सही-शिक्का हवा. सोमवारी मी त्या ताईबरोबर शाळेत जातेय. आणखी कुणाची मुलगी असेल तर नऊ वाजता नाक्यावर या.