निवृत्तीनंतर डोंगरगावी जावे काय?

(संस्थेच्या सेवानिवृत्त सभासदांच्या सत्कार समारंभात सटाणा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्यांचा सत्कार झाला त्यांत शिक्षक आहेत, तलाठी आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, आरोग्यसेविका आहेत. तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून, मुलांची शिक्षणे आणि लग्ने उरकून ही मंडळी मोकळी झाली. आता पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. अलीकडे त्याचे एक उत्तर वारंवार कानी येते. कोणी म्हणतात, इगतपुरीला छोटेसे घर घेऊ. कोणी सापुताऱ्याच्या वाटेवर प्लॉट पाहून येतात. कोणाला पाचगणी-महाबळेश्वरची हवा मानवते. बागलाणचे वैशाखातले ऊन ज्यांनी साठ वर्षे सोसले, त्यांना थंड हवेची ओढ वाटली तर त्यात गैर काही नाही. परंतु हा प्रश्न जन्मभराच्या कमाईचा आहे, आणि साठीनंतर घेतलेला असा निर्णय फिरविणे फार कठीण जाते. म्हणून ज्येष्ठ सभासदांच्या वतीने आम्ही हा विषय आपणापुढे मांडीत आहोत.

प्रथम हे पाहू की डोंगरावरील ही गावे वसली कशासाठी. महाबळेश्वर येथे 1828-29 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी आरोग्यस्थान उभे केले. माथेरान 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले. तेथील लहान रेल्वे 1907 साली सुरू झाली. उन्हाळा आला की सरकारी दप्तर महाबळेश्वरी जाई. मात्र पावसाळा तोंडावर आला की तेच गव्हर्नर आणि तेच अधिकारी खाली उतरून पुण्यास येत. म्हणजे ज्यांनी ही गावे वसविली, ज्यांच्या हाताशी नोकर-चाकर आणि डॉक्टर होते, तेही बारा महिने तेथे राहत नसत. ही दोन महिन्यांची वस्ती होती. आपण मात्र मे महिन्यात चार दिवस राहून बारा महिन्यांचा हिशेब मांडतो.

सटाण्यास वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीस तीन हजारांहून अधिक, महाबळेश्वरास पाच हजारांहून अधिक. आपल्याकडे आठ-दहा वर्षांत जेवढा पाऊस पडेल, तेवढा महाबळेश्वरास एकाच पावसाळ्यात पडतो. तेथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, धान्याला व पुस्तकांना बुरशी धरते. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या माणसाला ही ओल सोसत नाही. वीज गेली तर लवकर येत नाही. धुके इतके की शेजारचे घर दिसत नाही, आणि पुष्कळदा शेजारी नसतोच. कारण शेजारचे घर मुंबईच्या पाहुण्याचे असते व त्याला आठ महिने कुलूप असते.

एवढा पाऊस पडतो तर पाणी तरी मुबलक असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण काळ्या पाषाणाच्या उतारावर पाणी थांबत नाही, ते वाहून जाते. इगतपुरी तालुक्यात दारणा, भावली, मुकणे, वैतरणा अशी धरणे आहेत. त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन पायपीट करतात. पेठ आणि सुरगाण्याची तीच कथा. तेव्हा घर पाहावयास जाणाऱ्याने देखाव्याआधी विहीर पाहावी, आणि ती मे महिन्याच्या अखेरीस पाहावी.

तिसरा मुद्दा दवाखान्याचा. साठीच्या पुढे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी एखादा पाहुणा घरात येतोच. छातीत कळ आली तर पहिला तास मोलाचा असतो. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून सुरू आहे. तिचा पुष्कळांना उपयोग झाला. परंतु रात्री, घाटात, मुसळधार पावसात तिला वेळ लागणारच. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने वर्षानुवर्षे माणसे हातरिक्षा ओढत आली. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. आपल्या म्हातारपणाच्या सुखासाठी दुसऱ्याच्या खांद्यावर किती भार पडणार आहे, हेही विचारात घेतले पाहिजे.

डोंगर सरकतात, हेही विसरून चालणार नाही. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसे गरीब आदिवासी होती. ती पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहत होती, त्यांना निवड नव्हती. आपल्याला निवड आहे. उतार फोडून सपाट केलेल्या जागेवर घर घेण्यापूर्वी वरचा कडा आणि पाण्याची वाट, दोन्ही पाहावीत.

आता जमिनीविषयी. आपल्या जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके पूर्णपणे आणि बागलाण, इगतपुरी, दिंडोरी हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही. शेतजमीन घ्यावयाची तर घेणारा मूळचा शेतकरी असावा लागतो. असे असताना दुसऱ्याच्या नावावर व्यवहार करून देणारे दलाल भेटतात. बंधूंनो, कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच जिल्ह्यातले. 1959 साली आणि पुन्हा 1964 साली भूमिहीनांच्या जमिनीसाठी त्यांनी सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या माणसांच्या नातवंडांनी पेन्शनच्या पैशातून आदिवासीच्या पायाखालची जमीन आडमार्गाने काढून घ्यावी, हे आपल्याला शोभणारे नाही. कायदेशीर, बिनशेती आदेश झालेली, सात-बारा स्वच्छ असलेली जागा असेल तरच पुढचे पाऊल टाकावे.

मोठ्या कंपनीची वसाहत आहे म्हणून डोळे झाकून पैसे देऊ नयेत. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात लवासा नावाचे डोंगरातले नवे शहर उभारावयास घेतले होते. 2010 साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविले आणि 2018 साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ज्यांनी निवृत्तीचे पैसे तेथे घातले, त्यांची घरे वर्षानुवर्षे अर्धवट राहिली. आपल्यापैकी बहुतेकांजवळ असे अडकविण्यासारखे दुसरे पैसे नाहीत. राज्य शासनाच्या निवृत्तांना पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसा घेता येतो. तो भाग पूर्ववत मिळण्यास 15 वर्षे लागतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत कमी पेन्शनवर राहतो. ते सारे पैसे विटा-सिमेंटात गेले तर औषधाला काय उरेल, हे कागदावर लिहून पाहावे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीस लागलेल्यांनी तर आपले निवृत्तिवेतन किती येणार याचा अंदाज आजच घ्यावा.

सटाण्याचे घर मुलाच्या नावे करून डोंगरावर जाणारे काही आहेत. त्यांना एवढेच सांगणे की बक्षीसपत्रात देखभालीची अट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 चा आधार अशी अट असेल तरच नीट मिळतो.

आणि एक गोष्ट भगिनींच्या वतीने बोलतो. घर कोठे घ्यावयाचे हे पुष्कळदा गृहस्थ ठरवितात. परंतु नवऱ्याच्या मागे बायको उरण्याची शक्यताच अधिक असते. सत्तरीची बाई, पाऊस कोसळतो आहे, बाजार चार किलोमीटरवर, ओळखीचे कोणी नाही. हे चित्र डोळ्यांपुढे आणून मग दोघांनी बसून ठरवावे, आणि तिच्या शब्दाला अधिक वजन द्यावे.

मग डोंगरावर जाऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. इगतपुरीला 1865 पासून रेल्वे आहे. 1976 पासून तेथे धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र आहे. आपले कितीतरी सभासद तेथे दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. ज्यांची मुले मुंबईत वा नाशकात आहेत, ज्यांना साधनेत उरलेला काळ घालवायचा आहे, ज्यांची प्रकृती ओल सहन करते, त्यांना ते गाव सोयीचे पडेलही. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्याने जाणे-येणे आणखी सोपे झाले, तसे जागेचे भावही चढले.

निवड कशी करावी याचा एक जुना दाखला आपल्यापाशी आहे. राजा बिंबिसाराने भगवान बुद्धांसाठी वेळुवन निवडले, तेव्हा त्याने काय पाहिले ते विनयपिटकात आले आहे. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी; लोकांना जाता-येता यावे; दिवसा गर्दी आणि रात्री गोंगाट नसावा. त्यात उंचीचा वा देखाव्याचा उल्लेख नाही. आपली त्रिरश्मी लेणीही अशीच, डोंगरावर आहेत पण नाशिकच्या टप्प्यात. तेथील उषवदाताच्या शिलालेखात दानाचा हिशेब कोरलेला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीत दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी व्यवस्था केली. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस भिक्खूंचे दोनशे चाळीस. हिशेब बरोबर जुळतो. सर्वस्वाचा त्याग केलेले भिक्खूसुद्धा डोंगरावर राहिले ते खालच्या गावाच्या आधारावर. मग गुडघेदुखी आणि रक्तदाब घेऊन जाणाऱ्या आपल्याला गावाचा आधार लागणार नाही काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्याला डोंगरगावी जायचे असेल त्याने विकत काही घेऊ नये. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे एक वर्षावासभर, भाड्याच्या खोलीत पती-पत्नींनी राहून पाहावे. त्या तीन महिन्यांत डॉक्टर किती वेळात मिळाला, दूध-भाजीला किती चालावे लागले, किती जणांशी बोलणे झाले, याची वही ठेवावी. पुढच्या मे महिन्यात आठ दिवस जाऊन पाण्याची स्थिती पाहावी. मग ठरवावे. तोपर्यंत सटाण्याचे घर विकू नये.

राहता राहिला आपल्या गावाचा प्रश्न. सटाण्यात ऊन आहे, धूळ आहे, आरमला पाणी नाही, हे सर्व खरे. पण ग्रामीण रुग्णालय गावात आहे, मालेगाव तासाभरावर आहे, रात्री हाक मारली तर चार दारे उघडतात. डोंगरच पाहायचा तर 1567 मीटर उंचीचा साल्हेर आपल्याच तालुक्यात आहे; हिवाळ्यात पायथ्यापर्यंत जाऊन यावे. उन्हाळ्याचे दोन महिने डोंगरावर भाड्याने राहून पहिल्या पावसाला घरी परतावे, गव्हर्नर परतत असत तसे. यात खर्च कमी आणि दोन्ही सुखे मिळतात.

आणखी एक विचार. संस्थेची अभ्यासिका संध्याकाळी उघडते. दहावीच्या मुलांना गणित शिकविणारा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा, तलाठी कार्यालयात विधवा भगिनीसोबत जाणारा माणूस हवा असतो. आज सत्कार झालेल्यांमध्ये ही सर्व माणसे आहेत. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी जी खंत बोलून दाखविली ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. बाबासाहेबांनीही तळेगाव दाभाडे येथे हवेच्या ठिकाणी बंगला बांधला होता. पण ते काम सोडून तेथे जाऊन बसले नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला हा विषय लांबचा वाटेल. पण तुम्ही पुण्या-मुंबईस गेलात की तुमचे आईवडील कोठे राहतील हा प्रश्न तुमच्याच दारी येणार आहे. त्यांना प्लॉटची जाहिरात पाठविण्याऐवजी त्यांच्यासोबत बसून हा हिशेब करा.

ज्यांचे विचारांती जाण्याचे ठरेल त्यांना संस्था आनंदाने निरोप देईल. ज्यांचे राहण्याचे ठरेल त्यांनी सोमवारी सायंकाळी सहा वाजता अभ्यासिकेत यावे; गणिताला शिक्षक हवा आहे.