गावच्या देवघेवीचे शब्द

(जयपूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजस्थानातील शेतकरी खेड्यांच्या दैनंदिन जीवनावरील एका हिंदी पुस्तकाचा मराठी अनुवाद मी नुकताच पुरा केला. त्या निमित्ताने आपण मला येथे बोलावलेत. अनुवादाच्या तत्त्वांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु खेड्यातील देवघेवीच्या काही शब्दांनी मला पुष्कळ दिवस अडवून धरले, त्यांची हकीकत मात्र मी सांगू शकेन. आपण जयपुरात राहता. यातील बरेच शब्द आपल्या कानांवरून जात असतील. माझ्या हातून चूक झाली असल्यास ती आपणच अधिक नेमकी दाखवाल.

आरंभ एका मुद्रितापासून करते. पुस्तकाची दुसरी मुद्रिते तपासताना एका प्रकरणात मला पुढील अर्थाचे वाक्य आढळले: सालगड्याची प्रथा राज्याने १९६१ साली कायदा करून बंद केली. मी वाक्य वाचले आणि पुढे गेले. पान उलटल्यावर मन अडखळले. सालगडी ठेवणे कायद्याने बंद केव्हा झाले? महाराष्ट्रात तर आजही पाडव्याला सालगडी ठरतात. मागे येऊन मूळ पाहिले, तेव्हा उलगडा झाला. मी लिहिलेला शब्द ‘सागडी’ होता. आमचे मुद्रितशोधक मोठे साक्षेपी गृहस्थ. माझ्याकडून एक ‘ल’ गळाला असे समजून त्यांनी तो तीन ठिकाणी घातला होता. अक्षर एकच, परंतु त्यामुळे वेठीचा माणूस नोकर झाला होता.

सागडी प्रथा ही मुख्यतः दक्षिण राजस्थानची, डुंगरपूर-बांसवाड्याकडील. आपल्या जयपूर भागाची ती नव्हे. ऋण घेणारा माणूस व्याजापोटी धनकोच्या शेतावर आणि घरी राबतो. राबणे व्याजात जाते, मुद्दल जागच्या जागी राहते. ज्या कायद्याचा उल्लेख त्या वाक्यात होता तो राजस्थानचा सागडी प्रथा उन्मूलन कायदा. संपूर्ण देशासाठी वेठबिगारी नष्ट करणारा कायदा पुढे १९७६ साली आला. आपला सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला असतो; रोख रक्कम, धान्य, कपडे, वहाणा यांची बोली आधी होते, आणि साल भरले की तो मोकळा. निदान शब्दाचा अर्थ तसा आहे. मी ‘ल’ काढून टाकला, समासात खूण केली, आणि प्रकरण मिटले असे समजले. त्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

दुसरा शब्द ‘बोहरा’. जयपूर-दौसा भागात बोहरा म्हणजे ऋण देणारा गावातील मनुष्य. व्यवहार या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. मराठी वाचकापुढे हा शब्द तसाच ठेवला, तर त्याच्या डोळ्यांपुढे मुंबईचा दाऊदी बोहरा व्यापारी उभा राहणार. म्हणून पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र ‘सावकार’ लिहिले. शब्द सोपा, वाचकाच्या परिचयाचा. आणि हा परिचयच येथे घातक ठरला.

मराठी माणसाच्या मनातील सावकाराला एक इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांना हवी होती ती खते आणि वह्या; त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत पसरले, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी ऋणमुक्तीचा कायदा करावा लागला. या उठावात ज्यांची दप्तरे जळाली ते बहुतांशी मारवाडी व गुजर होते. म्हणजे आपल्या मनातील सावकार हा परमुलखातून आलेला, गावाच्या सुखदुःखाशी संबंध नसलेला मनुष्य. आणि त्याचा मुलूख तर हाच, राजस्थान. येथल्या गावच्या बोहऱ्याला मी ‘सावकार’ म्हटले की वाचक त्याला आपोआप उपरा समजणार.

बोहरा उपरा नव्हता. तो महाजन असे, ब्राह्मण असे, क्वचित पैसा बाळगून असलेला शेतकरीही असे. पेरणीला बियाणे त्याच्याकडून, बैल मेला तर बैलाचे पैसे त्याच्याकडून. मुलीच्या घरी लग्न निघाले की आईबापांच्या बाजूने भावाने ‘मायरा’ घेऊन जायचा, बहिणीला व तिच्या सासरच्यांना वस्त्रे, दागिने, रोख रक्कम द्यायची; तोही बोहऱ्याच्या वहीतून. घरात मृत्यू झाला तर जातभोजन घालायचे, तेही तिथूनच. हा भोजनाचा खर्च इतक्या घरांना बुडवीत होता की राजस्थानने १९६० साली मृत्युभोज प्रतिबंधक कायदा केला. धान्य उसने दिले तर सुगीला सवाईने किंवा दिढीने परत घ्यायचे, म्हणजे मणाला सव्वा मण अथवा दीड मण. आपल्याकडे ‘वाढीदिढी’ हा शब्द याच व्यवहाराचा. या एका ठिकाणी मात्र मला शब्द शोधावा लागला नाही. पेरणी ते सुगी हे अंतर पाच-सहा महिन्यांचे. तेवढ्यात मणावर अर्धा मण! व्याजाचा वार्षिक दर काढून पाहिला की कोणाच्याही लक्षात येईल.

तर हा मनुष्य शोषण करणारा खरा. परंतु लग्नाच्या मांडवात तो पाहुणा म्हणून बसलेला असे, आणि ऋणको त्याच्यासमोर मोठ्याने बोलत नसे. भीती आणि भिडेचे हे मिश्रण ‘सावकार’ या शब्दात येत नाही. दुसऱ्या खर्ड्यात मी ‘बोहरा’ परत आणला, पहिल्या ठिकाणी दोन ओळींचा खुलासा केला, आणि दाऊदी बोहऱ्यांशी त्याचा संबंध नाही हे स्पष्ट लिहिले. वाचकाला थोडे थांबावे लागेल. थांबू द्यावे.

तिसरा अडसर खळ्यावरचा. मूळ लेखकाने खळ्याचे वर्णन फार सुरेख केले आहे. धान्याची रास पडली की प्रथम जागीरदाराचा माणूस यायचा. उभ्या पिकाचा अंदाज आधीच झालेला असे, त्याला ‘कूंता’ म्हणत. राशीची प्रत्यक्ष वाटणी होई तिला ‘लाटा’. जागीरदाऱ्या काढून घेण्याचा राजस्थानचा कायदा १९५२ चा. त्यापूर्वीचे हे चित्र. मग बोहरा, आणि मग सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार. या मंडळींसाठी मूळ पुस्तकात ‘कमीण’ असा शब्द आहे आणि व्यवस्थेला ‘जजमानी’. मराठी अनुवादकाच्या लेखणीतून येथे ‘बलुतेदार’ हा शब्द आपोआप उतरतो. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून गावच्या कारूनारूंची भाषा आपल्याला सिद्ध मिळाली आहे. मीही बलुतेदार लिहिले, आणि खोडले.

खोडण्याचे कारण असे. विल्यम वायझर यांनी उत्तर प्रदेशातील करीमपूर या खेड्याचा अभ्यास करून १९३६ साली जजमानीवर पुस्तक लिहिले. तेथील नाते घराचे घराशी आहे: या सुताराचे हे जजमान, त्या न्हाव्याचे ते. महाराष्ट्रातील बलुत्याविषयी जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ साली अठराव्या शतकातील कागदपत्रांच्या आधारे दाखविले की, बलुतेदार हा कोणा एका घराचा नसून सबंध गावाचा चाकर होता, आणि बलुते हे त्याचे वतन होते. वतन म्हणजे हक्क. त्यासाठी तो भांडत असे, तक्रार वर नेत असे. ‘कमीण’ या शब्दात हक्काचा गंधही नाही. त्यात हलकेपणा आहे, आणि तो उच्चारणाऱ्याने जाणूनबुजून ठेवलेला आहे. त्या जागी ‘बलुतेदार’ लिहिणे म्हणजे त्या सुताराला कागदावर असा मान देणे, की जो त्याला खळ्यावर मिळत नव्हता. सभ्यपणाच्या पोटी केलेली ही खोटी साक्ष झाली असती. आपल्या बलुतेदारांनाही, विशेषतः गावकुसाबाहेरच्यांना, हक्काबरोबर काय काय सोसावे लागले हे मी विसरलेले नाही; परंतु तो अन्याय वेगळ्या रीतीचा आहे आणि वेगळ्या शब्दाने सांगितला पाहिजे.

आता एक सुखाचा प्रसंग सांगते. अजमेरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरांवर बगरू आहे. तेथील छापील कापड आज साऱ्या जगात जाते. परंतु मुळात ते आसपासच्या शेतकरी बायकांच्या घाघऱ्यांसाठी होते. जाट, माळी, गुजर अशा ज्या त्या समाजाच्या बायकांची बुट्टी आणि रंग ठरलेले. बाईच्या घाघऱ्यावरून तिचे घर ओळखावे. जाडेभरडे कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचे. काळा रंग लोखंडाचे तुकडे, जुने नाल गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून करायचा, तांबड्याला तुरटी. ज्या भागावर नीळ चढू द्यायची नाही तेथे ‘दाबू’ लावायचा. दाबू म्हणजे माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचे पीठ यांचा चिखल. शेतकऱ्याच्या घरी जो गहू खाण्यालायक उरला नाही तो त्याच्याच बायकोच्या घाघऱ्याच्या नक्षीला कामी येई. पुढे गिरणीचे स्वस्त छापील कापड आणि कृत्रिम धाग्याचे कापड आले तेव्हा गावचे गिऱ्हाईक हळूहळू गेले, आणि शहरी व परदेशी गिऱ्हाइकावर हा धंदा तगला.

हे छापणारे ‘छीपा’. मी नकळत ‘शिंपी’ लिहिले. चूक उघड आहे. शिंपी शिवतो, छीपा छापतो. परंतु ही चूक फार जुनी आणि सन्मान्य आहे. आपण नामदेवांना शिंपी म्हणतो, आणि उत्तरेत त्याच नामदेवांना छीपा म्हणतात. शीखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि तेथे ते छीपाच आहेत. राजस्थानातील छीपे त्यांना आपले मानतात. पंढरपूरचा संत धंदा बदलून बगरूच्या गल्लीत येऊन बसला, हे मला माहीत होते. तरी तेथील छीप्यांविषयी लिहिताना ते आठवले तेव्हा मी लेखणी खाली ठेवली. शब्द अर्थात ‘छीपा’च ठेवला आहे.

बाजाराच्या शब्दांविषयी फार बोलण्यासारखे नाही. ‘हटवाडा’ म्हणजे आठवड्याचा बाजार. मीठ, मिरची, बांगड्या, जुने कपडे, दोर, विळे हे सगळीकडे सारखेच. ‘मंडी’ला मात्र ‘मंडई’ म्हणू नये. सूरजपोलची अनाज मंडी ही मंडई नव्हे. आपण तिला भुसार बाजार म्हणू. ‘आढत’ची ‘अडत’ होते, तोलाई आणि हमाली जशीच्या तशी येतात. आपल्याकडे रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत होती, तिच्यात शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव ठाऊक नसे. उघड लिलावाचे बंधन राजस्थानात १९६१ च्या आणि महाराष्ट्रात १९६३ च्या बाजार समिती कायद्यांनी आणले. कायदे जवळपास एकाच वेळचे, म्हणून त्यांची भाषाही एकच. तरीही अडत्या हंगामापूर्वी शेतकऱ्याला पैसे देतो आणि मग माल त्याच्याच गाळ्यावर उतरवावा लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे राहिली. येथे मला बोहरा पुन्हा भेटला. वेश पालटलेला, परंतु वही तीच.

दुधाच्या प्रकरणात मला सर्वांत कमी कष्ट पडले. राजस्थानचा सहकारी दूध महासंघ १९७७ साली स्थापन झाला. त्यानंतर गावोगाव संकलन केंद्रे निघाली. संस्था, सचिव, फॅट, नमुना: हे शब्द जयपूर आणि कोल्हापूर दोन्हीकडे सारखेच कळतात. बाई सकाळी बरणी घेऊन जाते, माप आणि फॅट तिच्या पुस्तकात लिहितात, आणि ठरलेल्या दिवशी पैसे मिळतात. ही वही तिच्याजवळ असते, एवढा फरक मात्र फार मोठा आहे. बोहऱ्याची वही ऋणको कधी वाचू शकत नव्हता.

आता सागडी. छपाई झाल्यावर मी मुद्रितशोधकांना भेटले आणि तो ‘ल’ का काढला हे त्यांना समजावून सांगितले. एक साल भरल्यावर मोकळा होतो, दुसरा ऋण फिटेपर्यंत सुटत नाही, असा भेद मी सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. ते मूळचे मराठवाड्यातले. थोड्या वेळाने म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर आहे. पण आमच्या गावात पाडव्याला उचल घेतलेला गडी होता. उचल फिटली नाही म्हणून दुसऱ्या सालीही राहिला, तिसऱ्या सालीही. मग त्याचा मुलगा राहिला. त्याला आम्ही सालगडीच म्हणत होतो. तुमच्या पुस्तकाप्रमाणे त्याला काय म्हणायचं?”

पुस्तक छापून झाले होते.