पाठीवरचं ऊन

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



डिसेंबरात कोकणच्या कुठल्याही किनाऱ्यावर संध्याकाळी साडेपाचला जाऊन पाहा. सहलीला आलेली मंडळी वाळूत ओळीनं उभी असतात आणि सगळ्यांचे कॅमेरे एकाच दिशेला वळलेले असतात. सूर्य बुडाला की सगळे परत फिरतात. मीही बरीच वर्षं त्याच ओळीत उभा होतो. १९९४ मध्ये बँकेनं माझी बदली दापोलीला केली. दर रविवारी एस.टी.नं हर्णै बंदर गाठायचं, मासळीचा लिलाव पाहायचा आणि मावळतीचे फोटो काढायचे, हा माझा परिपाठ झाला. तेव्हा रोल छत्तीस फोटोंचा असे. त्यातले तीस तरी मी सूर्यावर खर्च करायचो.

वेड लागावं असंच ते दृश्य असतं. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून आपल्यापर्यंत येतो. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, तांबडा-नारिंगी तेवढा सरळ पोचतो. हिवाळ्यात सूर्य नेमका पश्चिमेला बुडत नाही. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, तर डिसेंबरात तो डावीकडे, म्हणजे दक्षिणेला, सुमारे २५ अंश सरकलेला असतो. जूनमध्ये जवळजवळ तेवढाच उजवीकडे. म्हणून उन्हाळ्यात हेरून ठेवलेली जागा हिवाळ्यात कामाची नसते. शिवाय घाई असते. बिंबाची खालची कड पाण्याला टेकली की ते पूर्ण बुडायला जेमतेम अडीच मिनिटं लागतात. आणि गंमत अशी, की हवेत किरण वाकतात, त्यामुळे बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो!

हे सगळं मी वाचून, पाहून शिकलो. जे शिकायला हवं होतं, ते मात्र उशिरा शिकलो.

बंदरावर एक तांडेल होते. त्यांची होडी खोल पाण्यात नांगरलेली असे आणि मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येई. गाडीपुढे, कमरेवर हात ठेवून ते उभे राहत. तांबड्या पाण्यावर ती काळी आकृती फार सुरेख दिसे. मी त्यांचे पुष्कळ फोटो काढले. ते हसून म्हणत, "साहेब, सूर्य रोजचाच आहे, आज पापलेट बघा."

१९९६ च्या पावसाळ्यात ते आजारपणात गेले. काही दिवसांनी त्यांची मुलगी बँकेत माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "साहेब, तुम्ही बंदरावर फोटो काढायचात. बाबांचा एखादा असेल का? घरात एकही नाही."

त्या रात्री मी सगळे अल्बम खाली काढले. अकरा फोटोंत ते होते आणि अकराही फोटोंत काळे होते. निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेलो. तिथल्या गृहस्थांनी त्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "चेहरा फिल्मवर उतरलेलाच नाही, तर काढू कुठून?" शेवटी त्यातलाच एक फोटो मोठा करून मी तिला दिला. तिनं बराच वेळ पाहिला. "हे बाबाच. असेच उभे राहायचे." मग हळूच म्हणाली, "पण तोंड दिसेल असा नाही ना?"

माझ्याकडे नव्हता. यात कॅमेऱ्याचा दोष काहीच नव्हता. सूर्याकडे रोखलेला कॅमेरा आकाशाच्या उजेडाचं माप घेतो, आणि मग समोरचा माणूस काळा पडतो. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, फिल्मला ते जमत नाही. मला हे ठाऊक होतं. काळी आकृती सुंदर दिसते, एवढ्यावर मी खूश होतो.

निघताना ती म्हणाली, "आता आईचा तरी काढून ठेवा, उजेडातला."

म्हणून त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा सकाळी हर्णैला गेलो. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, डोंगरामागून येतो. त्यामुळे सहलीची मंडळी त्या वेळी अंथरुणातच असतात. जानेवारीत इथे सूर्योदय सातनंतर दहाएक मिनिटांनी होतो, पण डोंगर आडवा असल्यानं वाळूवर ऊन यायला आणखी वेळ लागतो. आणि ते येतं कसं, ते पाहण्यासारखं आहे! आधी दूरच्या होड्यांच्या डोलकाठ्या उजळतात. मग सुवर्णदुर्गाची आपल्याकडची तटबंदी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. मग जवळच्या होड्या, आणि सगळ्यात शेवटी वाळू. डोंगराची सावली मागे सरते, तसं ऊन समुद्राकडून आपल्याकडे चालत येतं. सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोरचं सगळं उजेडात. होड्यांचे रंग, जाळ्यांची वीण, टोपलीतली मासळी, हिवाळ्यापुरते आलेले कुरव पक्षी आणि माणसांचे चेहरे. संध्याकाळी या सगळ्याची नुसती सावली दिसायची.

सकाळचे आणखी फायदे आहेत. त्या वेळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठचं पाणी शांत असतं आणि भिंगावर खारे तुषार कमी येतात. संध्याकाळी खारा वारा सुटलेला असतो, तेव्हा मऊ कापड खिशात ठेवा आणि भिंग मधूनमधून पुसा.

आणि जाण्याआधी पंचांग पाहा! किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. त्या दिवशी वाळू थोडीच मिळते आणि खडकांवर जाऊन उभं राहणं धोक्याचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे दिवस उगवता-मावळताना ओहोटी. मग लांबवर ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात आकाश आरशासारखं दिसतं. त्यातही पौर्णिमेची पहाट चुकवू नका. पाठीमागे सूर्य उगवायच्या बेतात असतो आणि समोर, थोडा उजव्या हाताला, पूर्ण चंद्र समुद्रात उतरत असतो. मावळतीचा सोहळा सकाळीही असतो, फक्त तो चंद्राचा!

संध्याकाळी जाऊच नका, असं मी म्हणत नाही. मीही अजून जातो. पण सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका, वीस मिनिटं थांबा. उजेड मऊ होतो आणि आकाशाच्या त्या उजेडात चेहरे पुन्हा दिसू लागतात. फक्त माणसाला आता बुडत्या सूर्याच्या दिशेला तोंड करून उभं करा. हल्ली सगळ्यांच्या हाती मोबाइल आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवलं, की बहुतेक मोबाइल त्या चेहऱ्याच्या मापानं उजेड घेतात. आकाश थोडं पांढरं पडेल. पडू दे. ते उद्याही असणार आहे.

१९९७ च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, मी तांडेलांच्या पत्नीचा फोटो काढला. ओल्या वाळूत त्या टोपली घेऊन उभ्या आहेत. ऊन थेट तोंडावर आल्यानं डोळे किलकिले झाले आहेत. कपाळावरच्या आठ्या, हातावरचं गोंदण, टोपलीतल्या बांगड्यांची चमक, सगळं दिसतं. खाली त्यांच्या पायापर्यंत माझीच लांब सावली पडली आहे. फोटोच्या शास्त्रात ही चूकच. सावली कापून देऊ का, असं मी मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, "राहू दे साहेब. आईचं तोंड दिसतंय ना."

तो फोटो त्यांच्या घरी, मी दिलेल्या त्या काळ्या फोटोशेजारी लावलेला आहे. माझ्या अल्बममध्ये मात्र सूर्याचे शेकडो फोटो आहेत आणि त्यातला कुठला कोणत्या दिवशीचा, हे आता मलाही सांगता येत नाही.