उन्माद, विषाद आणि लिथियम

उन्माद आणि विषाद हीं एकाच विकाराचीं दोन रूपें होत. एखादा तरणा शेतकरी आठवडा आठवडा झोपेवांचून हिंडतो, भलतींच कर्जें काढतो. पुढें कित्येक महिने अंथरूण सोडीत नाहीं. ‘बाहेरचें’ म्हणून कौल लावण्यांत वर्ष जातें! १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. जॉन केड यांनीं लिथियमच्या क्षारांचा गुण दाखविला. तें औषध आजही उपयोगी आहे. परंतु त्याची मात्रा रक्त तपासूनच ठरवावी लागते. बारामती-इंदापुराकडे वैशाखांत नीरा डाव्या कालव्यावर दारें धरतांना घामावाटे पाणी व मीठ घटतें, आणि एरवीं सोसणारी तीच मात्रा विषारी ठरूं शकते. हात फार कांपले, उलट्या झाल्या, तोल गेला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. बरें वाटतांच गोळ्या परस्पर सोडल्यास विकार बहुधा उलटतो.